मूळ न पाहता

१२ फेब्रुवारी

खारू,

मायन्यापाशीच अर्धा तास अडलो आहे. ‘चिरंजीव’ लिहावं तर तू एकोणपन्नास वर्षांची झालीस, आणि ‘प्रिय’ लिहावं तर त्यावर तू लाल शाईची काट मारशील. बाबांनी आपल्याला सगळ्या विभक्त्या घोकून घेतल्या, संबोधनासकट. पण सहा वर्षं बोलणं नसलेल्या बहिणीला हाक कशी मारायची, हे त्यांच्या तक्त्यात नव्हतं. शेवटी लहानपणचीच हाक मारली. खिशात बिया कोंबून फिरणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

इकडे सर्व ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत. तू शिवून दिलेली घेवड्याच्या बियांची पिशवी ती अजून रोज तव्यावर गरम करून गुडघ्यांवर ठेवते. डावा कान आता पूर्ण गेला. उजव्या कानाने तिला हवं तेवढंच ऐकू येतं. मी कृषी संशोधन केंद्रावर आहे तिथेच आहे, म्हणजे त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी. तू जिला ‘उपाशी तुकडा’ म्हणायचीस ती जमीनही आहे. तेवीस वर्षं झाली, तिला खताचा एक कण दिलेला नाही. अशा जमिनीत कोणतं झाड तग धरतं ते आपण पाहत आलो. ते अजून पाहतो आहोत.

एक किरकोळ काम होतं. शीतगृहातली पाकिटं हलवताना तुझ्या सतरा नंबरच्या वाणाचं पाकीट कुठेतरी मागेपुढे झालं. तुझ्याकडे चुकून मूठभर बी राहिलं असेल तर पाठव. नसेल तरी हरकत नाही.

तुझा दादा
(ते पद अजून भरलं गेलं नसल्यास)

२६ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाही. अपेक्षित होतं. तू रागावलीस की बोलत नाहीस आणि मी चुकलो की जास्त बोलतो, ही आपल्या घरातली जुनी कामवाटणी आहे.

‘हरकत नाही’ असं मी लिहिलं, ते खोटं होतं. हरकत आहे.

गेल्या महिन्यात उतारावरच्या गावांतली एक बाई केंद्रावर आली. माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर, तिने घेवड्याचं उपटलेलं झाड ठेवलं. मातीसकट. केंद्राने पाच वर्षांपूर्वी त्या गावांना दिलेला वाण, ज्याच्या खोल मुळाबद्दल मला शाल मिळाली होती. बाई म्हणाली, “साहेब, तुमचं मूळ पाताळात गेलं बघा. वर मात्र आमच्याकडे बघायलाही थांबलं नाही.” शेंगा चार. त्यातल्या दोन पोकळ. पहिली दोन वर्षं केंद्राने खत दिलं तोवर सगळं झकास होतं. खत थांबलं आणि झाडं उपाशी पडली. मी म्हणालो, पाहतो. ती म्हणाली, “बघा की. अकरा घरं बंद करून लोक खाली गेले. आम्ही पुढच्या पिकाचं बघून ठरवणार.”

मग पंप बिघडला. तुला आठवत असेल, तो पंप अकरा वर्षांपूर्वी मीच आणवला होता. खणलेली झाडं जाळीवर टाकायची, जोरात पाणी मारायचं, की तासाला चाळीस मुळं लख्ख. तू साबणाच्या पाण्यात भिजत घालून बोटांनी धुवायचीस आणि तासाला तुझी चार व्हायची. मी तुला ‘चौकडी’ म्हणायचो. सगळे हसायचे.

पंप बंद, म्हणून मुळं धुणाऱ्या मावशींनी झाडं टबात घातली. मला म्हणाल्या, “धाकट्या ताई असंच करायच्या.” मी म्हणालो, माहीत आहे. “मग तुम्ही का नाही केलं?” मी म्हणालो, मावशी, काम करा.

दुपारी त्यांनी बांधावर आपोआप उगवलेल्या, वाण ठाऊक नसलेल्या एका झाडाचं मूळ पाण्यात तरंगत ठेवलं आणि मला बोलावलं. खारू, तीस वर्षं मी मुळं पाहतो आहे. असं मूळ मी पाहिलं नव्हतं. वरच्या चार बोटांत बारीक मुळांचा नुसता पसारा, आणि प्रत्येकावर केस, मांजराच्या पाठीसारखे दाट. मग मावशींनी तेच मूळ माझ्यासमोर शेजारच्या नळाच्या जोरदार धारेखाली धरलं. तीन सेकंद. खाली उरला एक दांडा आणि दोन जाड फाटे. माझ्या तक्त्यात ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, नेमकं ते.

झाडाला लागणारा स्फुरद मातीच्या वरच्या चार बोटांत असतो, तो हलत नाही, त्याला घ्यायला बारीक मुळांनीच जावं लागतं, हे मी स्वतः दोन पिढ्यांना शिकवलं. आणि अकरा वर्षं मी ती बारीक मुळं धुऊन टाकत होतो आणि उरलेल्याला गुण देत होतो. तू बैठकीत, सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, “दादा, तू मुळं धूत नाहीस, सोलतोस.” मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. इथे लिहीत नाही.

सतरा नंबरचं बी पाठव.

दादा

७ मार्च

खारू,

आज खरं सांगायचा दिवस आहे. आधी लहान खोटं, मग मोठं.

सतराचं पाकीट मागेपुढे झालेलं नाही. नोंदवहीत माझ्या अक्षरात आहे: ‘मूळ उथळ. शेरा: बाद.’ आणि बाद झालेल्या घेवड्याचं इथे काय होतं ते तुला माहीत आहे. कँटीन. मी तारीख पडताळून पाहिली. त्या आठवड्यात मी रोज तिथेच जेवलो होतो. म्हणजे तुझ्या नऊ वर्षांच्या कामातला बराचसा भाग मी स्वतः, दोन वेळा मागून घेऊन, खाल्ला. चांगला शिजला होता. मीठ कमी होतं.

तू हसावंस म्हणून हे लिहिलं. मला हसू आलं नाही.

आता उपाशी तुकड्याचं. नवे साहेब तरुण आहेत, वाईट नाहीत, पण त्यांना रिकामी जमीन दिसली की हात शिवशिवतात. म्हणाले, “तेवीस वर्षं जमिनीला उपाशी ठेवून तुम्ही नेमकं काय मिळवलं?” मी म्हणालो, उपाशी जमीन. त्यांना विनोद कळला नाही. किंवा कळला, आणि तेच वाईट. खत, चुना, भाजीपाल्याचं प्रात्यक्षिक, असा त्यांचा बेत आहे. मी हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या तुकड्यात पेरण्यासारखं काही असेल तर पेरा, म्हणाले, आणि फुलोऱ्याच्या वेळी मला मूळ दाखवा. नाही तर ट्रॅक्टर.

एकदा खत पडलं की ती माती परत उपाशी करायला पुन्हा वीस वर्षं लागतील. मी चौपन्नचा आहे. आणि उतारावरच्या लोकांना द्यायला माझ्याकडे खोल मुळांचे बत्तीस वाण आहेत. सगळे पाताळात जाणारे.

मला सतरा हवा आहे. मला म्हणजे त्या बाईला. त्या बाईला म्हणजे मलाही. वाक्य सुधारत बसत नाही.

दादा

१५ मार्च

खारू,

आईची पिशवी उसवली.

ते बी सतराचंच होतं, हे मला गेल्या आठवड्यात आठवलं. तू बाद ढिगातलंच घेऊन शिवली होतीस. रोज तव्यावर भाजलेल्या बिया उगवत नाहीत हे मला कळतं, मी त्याच विषयाचा पगार घेतो. तरी दोनशे बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ उघडून पाहिलं. आज त्यांना वास यायला लागला. एकही नाही.

उसवली त्याच दिवशी आई काठी टेकत आली होती. “माझ्या गुडघ्यांची पिशवी कुठाय?”

“उसवली.”

“कोणी?”

“मी. बी बघायचं होतं.”

“दिवसाढवळ्या?” मग खुर्चीत बसून म्हणाली, “आणि तू तिला चोर म्हणालास.”

हे तिला उजव्या कानाने ऐकू आलेलं दिसतं.

तर ते मोठं खोटं. आतापर्यंतच्या तीन पत्रांत मी त्याच्या कडेकडेने चाललो. तू राजीनामा दिलास त्या दिवशी फाटकावर तुझी झडती झाली. पहारेकऱ्याने सगळ्यांसमोर पर्स उलटी केली, छत्रीसुद्धा उघडून पाहिली, आणि पाव किलो बी निघालं. तू खिडकीकडे पाहिलंस. मी खिडकीत होतो. तुला वाटलं असेल, हा पाहत राहिला. त्याहून वाईट आहे. संस्थेचं बी बाहेर जाण्याची शक्यता आहे, बाईंची तपासणी व्हावी, असा कागद सकाळी गेला होता. खाली सही माझी होती. मसुदाही माझाच. ‘शक्यता’ हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला, भाषा निर्दोष असावी म्हणून.

जप्त झालेलं ते बीसुद्धा कँटीनमध्येच गेलं.

मी असं का केलं याची कारणं मी सहा वर्षं गोळा केली आहेत. त्यातलं एकही मला पेरता आलं नाही. तू बरोबर असतीस तर माझी तोवरची सगळी वर्षं चूक ठरली असती, एवढंच ते होतं.

त्या दिवशी मी लिहून दिलं की तू चोर आहेस. आता रोज सकाळी उठून माझी एकच इच्छा असते, की ते खरं असावं. तू अजून कुठेतरी, कशात तरी लपवून, थोडं नेलं असावंस. लहानपणी बाबा तुझे खिसे तपासायचे आणि बिया मोज्यांतून निघायच्या. खारू, कृपा करून चोर अस.

मला माफ करू नकोस हवं तर. त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. मी काय आहे ते एका बाजूला, बी दुसऱ्या बाजूला.

दादा

२ एप्रिल

खारू,

पाकीट आलं.

आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं केलं, उजेडाशी धरलं, शेवटी सांध्यावर फाडून सपाट केलं. फक्त वीतभर पांढरी पट्टी, कडेला दुमडून शिवलेली. मग कळलं. तुझ्या कामाच्या कोटाची कड. पहारेकऱ्याने खिसे पाहिले, पर्स पाहिली, छत्री पाहिली. कोट तू अंगात घालून होतीस.

पट्टीत नऊ गाठी हाताला लागल्या. कात्री चालवायला हात धजेना, म्हणून आईकडे नेली. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “जपून उसव. घट्ट टीप आहे, माझीच आहे.”

“तुझी?”

“आदल्या दिवशी तिने आणून दिला कोट. म्हणाली, दादा काहीतरी लिहितोय, मला त्याचा चेहरा कळतो.”

“मी महिनाभर वणवण करतोय, पिशवी उसवली, तू एका शब्दाने—”

“तू मला विचारलंस कुठे? आणि विचारलं असतंस तरी ते तिचं होतं. ज्याचं त्याने द्यावं.”

ऐंशी वर्षांची, एका कानाने बहिरी बाई. सहा वर्षं माझ्यासमोर बसून जेवते आहे.

नऊच्या नऊ बिया आज उपाशी तुकड्यात टोकल्या. मावशींनी प्रत्येकीशेजारी खुंटी रोवली. सहा वर्षं शिवणीत राहिलेलं बी, मी फार आशा धरत नाही, असं मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग दर तासाला येऊन काय बघता?”

तू चिठ्ठी लिहिली नाहीस ते बरोबरच केलंस. पण पत्ता तुझ्या अक्षरात आहे, आणि त्यात माझ्या नावामागे तू पूर्वीसारखा ‘श्री.’ लावला आहेस. मी ते पुरवून पुरवून वाचतो आहे.

दादा

१२ मे

खारू,

नऊपैकी तीन कोंब उगवले. एक बुडाशी कुजला. एक अळीने रात्रीतून कापला. सकाळी आडवा पडलेला होता, पानं टवटवीत. त्याचं मूळ मी खणून पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण ते करंगळीएवढं होतं, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

एक उरला. त्याच्याभोवती मी जाळी लावली, राख टाकली, सकाळी भुंगे वेचले. शेजारी माझे खोल मुळांचे वाण पिवळे पडले आहेत. हा हिरवा आहे. उंचीला सामान्य, दिसायला काही खास नाही. असल्या झाडाला मी आयुष्यभर ‘बाद’ लिहीत आलो. परवा त्याला पहिलं फूल आलं आणि आज साहेब आले.

“एकच झाड?”

“एकच.”

“ठीक. उपटून दाखवा. मूळ तुम्ही म्हणता तसं असेल तर तुकडा राहील. मी शब्द दिलाय, मी पाळतो.”

तुला सांगायला नको, पण आज कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. या धंद्यात मूळ पाहायचं तर झाड मारावं लागतं. एरवी आपल्याकडे त्याच वाणाची दोनशे झाडं असतात, दहा मेली तर काय बिघडतं. इथे ते एकच आहे. फुलोऱ्यात उपटलं तर बी नाही. आणि शेंगा वाळेपर्यंत थांबलं तर मुळावरचे केस झडून गेलेले असतात, साहेबांना दाखवायला नुसती काडी उरते.

मावशी टब भरून, साबण कालवून उभ्या होत्या. मी फावडं घेतलं. झाडापासून एक वीत सोडून टेकवलंसुद्धा. खारू, मला ते मूळ पाहायचं होतं. साहेबांसाठी नाही. तुकड्यासाठीही नाही. सतराचं मी काय धुऊन टाकलं ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. ते तसं नसतं तर मी सुटलोही असतो.

फावडं ठेवलं. म्हणालो, “उपटत नाही.”

साहेब म्हणाले, “मग मूळ चांगलं आहे हे कशावरून?”

“माझ्या बहिणीने सांगितलं होतं.”

“लेखी आहे?”

“लेखी माझं आहे. त्यात बाद लिहिलंय.”

 साहेब म्हणाले, “सर, तुम्ही माझे हात बांधताय.” सोमवारी ट्रॅक्टर येईल. या झाडाभोवतीची हातभर जागा शेंगा वाळेपर्यंत सोडतील, एवढं त्यांनी मान्य केलं. माणूस वाईट नाही, मी आधीच लिहिलं होतं.

तेवीस वर्षं गेली. त्यातली नऊ तुझी होती. हे तुला विचारून करायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस.

दादा

४ जुलै

खारू,

तुकडा आता काळाभोर, सुपीक दिसतो. त्यात कोबी लावलाय. मी त्या बाजूची खिडकी बंद ठेवतो.

ट्रॅक्टर येण्याच्या आदल्या दुपारी मावशींनी मुळं धुण्याचे सातही टब बाहेर काढले आणि उपाशी माती भरायला लागल्या. कोणी सांगितलं, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगायला कोण आहे इथे? धाकट्या ताई असत्या तर सांगितलं असतं.” मी पाटी उचलली. साहेब व्हरांड्यातून पाहत होते. थोड्या वेळाने आत गेले आणि दार लावून घेतलं. टब आता आपल्या घरामागे ओळीने आहेत. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते, यात चहाची पत्ती टाकाल तर याद राखा.

झाड परवा वाळलं. तेरा शेंगा, एक्केचाळीस बिया. काल मी केंद्रावरच्या जोरदार धारेच्या तोटीचा पाइप काढून कुलपात टाकला; किल्ली मावशींकडे आहे, माझा माझ्यावर भरवसा नाही.

उतारावरची बाई आली होती. तिला बिया दाखवल्या. तळहातावर घेऊन म्हणाली, “एवढ्याच?” मी म्हणालो, या वाढवायला तीन हंगाम, गावाला पुरायला पाच-सहा वर्षं. ती म्हणाली, “तोवर कोण राहणार?”  तिने एक बी उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि न विचारता निघाली. मी तिला अडवलं नाही. त्या वेळी मला तू दिसलीस, फाटकाकडे जाताना, कोट घातलेली.

उरल्या चाळीस. वीस टबात पेरायच्या. वीस या पाकिटात आहेत, त्याच पांढऱ्या पट्टीत शिवलेल्या, तुझ्या. टीप आईने घातली आहे, नजर कमी झाल्यामुळे जरा वाकडी आहे. ती म्हणते, पट्टी परत कोटाला लाव आणि तो घालून ये. मी म्हणालो, ती येणार नाही. ती म्हणाली, तू लिही तर.

म्हणून लिहितो. टब सात आहेत. मुळं हाताने धुवायची तर मला तासाला दोनच जमतात. मी हळूहळू शिकतो आहे, पण शिकवणारं कोणी नाही.

आज नोंदवहीत सतराचं पान काढलं. जुना शेरा खोडला नाही, तो तसाच राहू दे. त्याच्याखाली तारीख घालून लिहिलं:

मूळ: पाहिलेलं नाही.
शेरा: ठेवा.

दादा